गीतरामायण : सबंध आणि सुटे

चैत्र लागला की नाशिकच्या पंचवटीत रामनवमीची लगबग सुरू होते. काळाराम मंदिरापासून रामकुंडापर्यंतच्या गल्ल्यांतून माणसांची रीघ लागते. कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ निघतात. आणि या साऱ्या दिवसांत कोठल्या तरी मांडवातून, दुकानातून वा घराच्या ओसरीवरून सुधीर फडके यांचा स्वर कानी येत राहतो. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि फडके यांनी स्वरबद्ध केलेले गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिल्यांदा ऐकू आले ते १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला. त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. ज्यांनी ते त्या वेळी ऐकले त्यांची नातवंडे आज आपल्या मुलांना ते ऐकवीत आहेत. मराठी सुगम संगीतातील दुसऱ्या एखाद्या दीर्घ रचनेला इतके सलग आयुष्य लाभल्याचे चटकन आठवत नाही.

तथापि मांडवातून जे ऐकू येते ते जरा कान देऊन ऐकले तर एक गोष्ट ध्यानात येते. छप्पन गीतांपैकी दहाबारा गीतेच आलटून पालटून वाजत असतात. रामजन्माचा सोहळा, निषादांची नाव, चित्रकूटावर भरताची समजूत, सेतुबंधनाचा उत्साह, राज्याभिषेकाचा जयजयकार ही गीते सर्वांच्या ओठांवर आहेत. उरलेल्या चव्वेचाळीस-शेहेचाळीस गीतांचे नाव काढले तर जाणकार रसिकही क्षणभर थबकतो. एखादी कृती लोकप्रिय राहते, पण तिचा तीन चतुर्थांश भाग लोकांच्या स्मरणातून निसटतो, याला टिकणे म्हणायचे की झिजणे म्हणायचे? गीतरामायणाच्या थोरवीविषयी गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. ते टिकले कशामुळे आणि त्यातले काय टिकले, या प्रश्नांचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे. ज्या गावात या कथेचे मध्यवर्ती प्रसंग घडल्याची परंपरा आहे, त्या गावाने तरी तो करावयास हवा.

पश्चिमेतील एक उदाहरण

दीर्घ संगीतकृतीचे टिकणे हा केवळ मराठी प्रश्न नव्हे. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिका, म्हणजे एल.पी., बाजारात आली. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. नव्या तबकडीच्या बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. साठच्या दशकात पाश्चात्य रॉक संगीतातील कलावंतांनी याचा लाभ उठविला आणि एका तबकडीतही आपले म्हणणे मावेना तेव्हा दोन तबकड्यांचे जोडसंच काढले. १९६६ मध्ये बॉब डिलनचा असा संच आला, १९६९ मध्ये ‘द हू’ या वाद्यवृंदाने एक सबंध कथा दोन तबकड्यांत गायिली. परंतु या प्रकारातील सर्वांत गाजलेला संच म्हणजे बीटल्सचा २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झालेला, पांढऱ्या कोऱ्या वेष्टनातील तीस गाण्यांचा संच.

या संचाचे आपल्या देशाशी नाते आहे. त्यातील पुष्कळशी गाणी १९६८ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हृषीकेश येथे महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात रचली गेली. त्याआधी काही आठवडे, जानेवारीत, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांसमवेत काम करीत होता. आश्रमात विजेची वाद्ये नव्हती, ध्वनिमुद्रणाची घाई नव्हती आणि चाहत्यांची गर्दीही नव्हती. साधी गिटार आणि मोकळा वेळ एवढेच हाताशी होते. त्या मोकळेपणातून एवढी गाणी आली की एका तबकडीत त्यांची सोय होईना. त्यांचे ध्वनिमुद्रण करणारे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत, निवड करून एकच उत्तम तबकडी काढावी, असे होते. ते मानले गेले नाही.

पन्नास वर्षांहून अधिक काळ या संचाचे रसिक ‘कोणती गाणी गाळली असती तर बरे झाले असते’ यावर वाद घालीत आले आहेत, आणि गंमत अशी की दोन रसिकांच्या याद्या जुळत नाहीत. त्यात कोमल अंगाईगीत आहे, कर्कश गोंगाट आहे, विडंबन आहे आणि आठ मिनिटांहून अधिक चालणारा नुसत्या ध्वनींचा तुकडाही आहे. संच टिकला तो या पसाऱ्यासकट. उत्तम गाण्यांना दुबळ्या गाण्यांची संगत लाभते तेव्हा ऐकणाऱ्यास एका काळाचा आणि चार माणसांच्या स्वभावांचा अंदाज येतो. निवडक गाण्यांच्या तबकडीत तो येत नाही. दीर्घ कृतीचे सामर्थ्य तिच्या शिखरांत असते तितकेच शिखरांना जोडणाऱ्या सपाटीतही असते, एवढे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

आकाशवाणीचे ऋण

गीतरामायणाची गोष्ट याहून पुष्कळ वेगळी आहे आणि तेरा वर्षे आधीची आहे. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथील कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले स्नेही माडगूळकर यांच्याकडे वर्षभर चालेल अशा गीतमालिकेची मागणी केली. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीते व्हावयाची. परंतु त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन झाली. शुक्रवारी सकाळी नवे गीत प्रसारित होई आणि शनिवारी व रविवारी त्याची पुनरावृत्ती होई. शेवटचे गीत १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला प्रसारित झाले. माडगूळकर आणि फडके दोघेही त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते, दोघेही चित्रपटव्यवसायात आकंठ बुडालेले होते, आणि प्रत्येक आठवड्याच्या ठरल्या मुहूर्तावर नवे काव्य व नवी चाल त्यांना द्यावी लागत होती. हा नेम एकदाही चुकून चालणार नव्हता.

येथे त्या काळाची एक पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी खाते डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे होते. चित्रपटगीतांना आकाशवाणीवर लगाम घालण्याचे त्यांचे धोरण पुढे फार टीकेचा विषय झाले, आणि ते योग्यच होते. श्रोता सिलोन रेडिओकडे वळला आणि अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. पण धोरणाची दुसरीही बाजू होती. चित्रपटगीत नको असेल तर त्याच्या जागी दर्जेदार सुगम संगीत आकाशवाणीने स्वतः निर्माण केले पाहिजे, अशी जबाबदारी त्यातून केंद्रांवर आली. गीतरामायण हे त्या जबाबदारीचे सर्वांत गोड फळ होय. आणि ते ज्यांच्या हातून पिकले ते दोघेही चित्रपटसृष्टीतलेच होते, हा त्या धोरणाला काळाने दिलेला मिस्कील जबाब होय.

आकाशवाणीने आणखी एक मोलाची गोष्ट दिली. ती म्हणजे वेळ. तबकडीच्या तीन मिनिटांनी मराठी भावगीताला आटोपशीरपणा शिकविला हे खरे, पण दोन-तीन कडव्यांपलीकडे जाण्यास मज्जावही केला. सकाळच्या पंधरा मिनिटांच्या वेळेत माडगूळकर यांना आठ-दहा कडव्यांची ऐसपैस रचना करता आली. कथा सांगण्यास लागणारा अवकाश त्यांना मिळाला. एकाच चालीवर इतकी कडवी गायची तर ऐकणारा कंटाळू नये म्हणून फडके यांना कडव्याकडव्यात स्वरांची रचना बदलत न्यावी लागली. रागदारीचा आधार, कीर्तनाचा ठसका, लोकगीताची लय आणि शब्दाचा एकही काना-मात्रा न हरवणारे उच्चार यांचा जो मिलाफ त्यांनी साधला, त्याची मुळे बव्हंशी या मोकळ्या वेळेत आहेत.

मूळ प्रसारण एकट्या फडके यांच्या आवाजात नव्हते हेही आज अनेकांस ठाऊक नसते. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके, मालती पांडे अशा कितीतरी गायकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते गायिली. म्हणजे मूळ कल्पना एका मोठ्या श्राव्य नाटकाची होती. दशरथ वेगळा, कौसल्या वेगळी, सीता वेगळी, शबरी वेगळी; प्रत्येकाच्या तोंडी त्याचे त्याचे दुःख आणि त्याचा त्याचा आवाज. पुढे फडके यांनी गावोगावी रंगमंचावर सर्व पात्रे आपल्या एका कंठातून उभी केली, ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला तोही त्यांच्याच स्वरात, आणि लोकांच्या कानात तोच आवाज कायमचा बसला. त्या गायनाची योग्यता वादातीत आहे. पण अनेक आवाजांचे नाटक हे एका आवाजाचे आख्यान झाले, हा बदलही नोंदवून ठेवला पाहिजे.

टिकण्याची कारणे

गीतरामायण टिकले याचे कारण विषय रामाचा आहे, असे सहज म्हटले जाते. ते अपुरे आहे. रामकथेवर मराठीत शेकडो रचना झाल्या, त्यांतल्या किती आज गायिल्या जातात? विषयाची पुण्याई सर्वांना सारखीच मिळत होती.

पहिले खरे कारण भाषेचे आहे. माडगूळकर सांगली जिल्ह्यातील माणदेशाच्या मातीतले. लावणी, पोवाडा, अभंग, ओवी आणि चित्रपटगीत या सर्व रीती त्यांच्या हातच्या होत्या. संस्कृत शब्दांची समासयुक्त ओळ आणि माजघरातील बाईच्या तोंडचा साधा शब्द हे दोन्ही ते एका कडव्यात असे बसवितात की सांधा दिसत नाही. विद्वानाला ते काव्य वाटते आणि अक्षरशत्रूला ते कळते. पुण्याची वृत्तपत्रे त्या वर्षी दर आठवड्याला नवे गीत छापीत आणि घराघरांतून ते वहीत उतरवून घेतले जाई, ते उगाच नव्हे. १९५७ च्या विजयादशमीला केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ते पुस्तकरूपाने काढले. आणि पुढे हिंदी, कानडी, तेलुगु, गुजराती, बंगाली, कोकणी, सिंधी, संस्कृत या भाषांत त्याची रूपांतरे झाली. मूळ चालींवर म्हणता येतील अशी रूपांतरे होणे ही गोष्ट शब्द आणि स्वर यांच्या बांधणीची साक्ष देते.

दुसरे कारण त्यातील पात्रे बोलतात हे आहे. कवी स्वतः फार थोडे सांगतो. अपत्यासाठी झुरणारी कौसल्या, रामाला वनात जाऊ न देण्यासाठी विनवणारी आई, मातेवर संतापलेला भरत, मरणोन्मुख जटायू, दारी आलेल्या याचकाला बजावणारी सीता, युद्धात बाण निष्फळ होताना पाहून खचलेला राम ही सारी माणसे म्हणून समोर येतात. देवत्व मागे राहते आणि घरातल्या माणसाचा गहिवर पुढे येतो. ज्या श्रोत्याची भक्ती बेताचीच आहे त्यालाही येथे अडायला होत नाही.

तिसरे कारण बांधणीचे आहे, आणि सुटी गीते ऐकणाऱ्याला नेमके तेच कळत नाही. माडगूळकर यांनी वाल्मीकीची चौकट घेतली. पहिल्या गीतात कुश आणि लव रामाच्या समोर रामायण गातात. गाणारे आपले पुत्र आहेत हे ऐकणाऱ्या पित्याला ठाऊक नाही. या गीताची चाल इतकी प्रसन्न आहे की मांडवात ते मंगलाचरण म्हणून वाजते. पण मालिकेचा शेवट पाहावा. राज्याभिषेकाच्या जयजयकारापाशी कवी थांबत नाही. त्यानंतर हनुमंताचे मागणे येते, गर्भवती सीतेचे डोहाळे येतात, आणि मग वनात सोडून दिलेली सीता लक्ष्मणाला जो प्रश्न विचारते ते गीत येते. त्याच्या मागोमाग शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या बाळांना रामायण कसे गावे हे शिकवितो, आणि ऐकणारा पुन्हा पहिल्या गीताच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. आता त्याला कळते की सभेत गाणाऱ्या त्या दोन मुलांची आई कोठे आहे. पहिले गीत तेच असते, पण ते मंगल राहत नाही.

ज्याने छप्पन गीते क्रमाने ऐकली त्याला ही वेदना मिळते. ज्याने दहाबारा ऐकली त्याला राज्याभिषेक मिळतो. सीतेच्या प्रश्नावाचूनचे रामायण ऐकून उठणे सुखाचे असेल. पण कवीने ते तसे लिहिलेले नाही, आणि त्या आधी आदिकवीनेही लिहिलेले नव्हते.

असेच भरताला केलेल्या उपदेशाच्या गीताचे झाले आहे. मराठी माणसाच्या शोकसभेत, अंत्यविधीनंतरच्या बैठकीत ते वाजते. माणूस दैवाधीन आहे, कोणाला दोष देऊ नये, हे त्याचे सार म्हणून सांगितले जाते, आणि टीकाकार त्यावर निष्क्रियतेचा आरोप ठेवतात. सबंध मालिकेत ते गीत जेथे येते तेथे चित्र निराळे दिसते. पिता गेला आहे, धाकटा भाऊ स्वतःच्या आईला शाप देत रानात आला आहे, राज्य परत घेण्याचा आग्रह धरून बसला आहे; त्या क्षणी त्या भावाचा क्रोध निवावा म्हणून थोरला भाऊ जे बोलतो ते हे गीत होय. बोलणारा स्वतः दिलेला शब्द पाळण्यासाठी चौदा वर्षांचे रान पत्करतो आहे. त्याला निष्क्रिय कसे म्हणता येईल? संदर्भ सुटला की उत्तम काव्याचेही सुभाषित होते, आणि सुभाषितावरून कवीचा न्याय करणे सोपे जाते.

पंचवटीचा वाटा

नाशिककरांना हे अधिक जाणवावयास हवे. छप्पनपैकी पाचसहा गीतांचे स्थळ पंचवटी आणि तिच्या आसपासचे रान आहे. गोदातीरी रामाला पाहून मोहित झालेली शूर्पणखा, कांचनमृग पाहून हट्ट धरणारी सीता, पर्णकुटीच्या दारातील कपटी याचक, रित्या आश्रमात सीतेला हाका मारीत फिरणारा राम, वाटेवर पडलेली तिच्या वेणीतील फुले आणि मग घायाळ जटायू, ही एक अखंड शोकांतिका आहे. तपोवन, सीतागुंफा आणि इगतपुरी तालुक्यातील टाकेद या स्थळांशी लोकपरंपरेने हेच प्रसंग जोडले आहेत. शूर्पणखेच्या नाकावरून गावाचे नाव पडले, असे येथला टांगेवालाही यात्रेकरूला पूर्वी सांगत असे. तरीही तिची दोन गीते, एक मोहाचे आणि दुसरे सूडाचे, पंचवटीतल्या मांडवात क्वचितच ऐकू येतात. ज्या गावाने आपले नाव तिच्या विटंबनेवरून घेतले त्याने तिचे म्हणणे ऐकण्यास हरकत नसावी.

रामनामाच्या गायनाची परंपरा या गावाला नवी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात येथेच रामनाम आधार आश्रम चालविला. गायनविद्या दरबारातून आणि कोठीवरून सर्वसामान्यांच्या अंगणात आणणाऱ्या त्या पुरुषाने शेवटी रामधुनीचा आश्रय घेतला, आणि तो नाशिकात घेतला.

पण या गावाला दुसरीही स्मृती आहे आणि ती टाळून गीतरामायणाचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही त्या दारांशी वर्षानुवर्षे उभे राहिले. दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. गीतरामायणाचे शेवटचे गीत प्रसारित झाले त्याच वर्षी, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंनी बौद्ध धर्म स्वीकारला.

आकाशवाणीच्या लहरींना गाभारा नव्हता आणि ते गीत ऐकण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. हॉटेलच्या दाराशी, शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभे राहून ते कोणीही ऐकू शकत होता. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला दाराबाहेर ठेवले त्याने हे गीत आपलेच मानावे असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘साऱ्या महाराष्ट्राने ऐकले’ हे वाक्य उत्साहाच्या भरात वारंवार लिहिले जाते. त्यातील ‘साऱ्या’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. यामुळे कृतीची योग्यता उणावत नाही. ती कोणत्या समाजात जन्मली आणि त्या समाजाच्या कोणत्या भागापर्यंत पोचली, एवढे त्यावरून कळते.

आता काय करावे?

गेल्या सत्तर वर्षांत ऐकण्याची साधने चार वेळा तरी बदलली. झडपांचा रेडिओ गेला, तबकडी गेली, कॅसेट आली आणि गेली, सीडी आली आणि गेली. आता खिशातील दूरध्वनीवर सर्व संगीत एका बोटाच्या अंतरावर आहे. प्रत्येक बदलात गीतरामायण तगले, याचे श्रेय फडके आणि माडगूळकर कुटुंबांतील पुढच्या पिढीला आणि गावोगावच्या हौशी गायकांनाही आहे. श्रीधर फडके आजही ते रंगमंचावर सादर करतात. परंतु प्रत्येक नव्या साधनाबरोबर ऐकण्याचा घास लहान होत गेला. तबकडीची बाजू उलटेपर्यंत तरी माणूस एका जागी बसत असे. आता तिसऱ्या कडव्याला गाणे बदलते, आणि कोणते गाणे पुढे यावे हे ऐकणाऱ्याच्या आधी यंत्र ठरविते. यंत्राला लोकप्रिय गीत कळते; क्रम कळत नाही. सुट्या गीतांचे आयुष्य वाढेल आणि सबंध कृती मात्र पुस्तकात उरेल, ही भीती म्हणूनच अवास्तव नाही.

यावर कायद्याचा वा सरकारी फतव्याचा उपाय नाही. पण करण्यासारख्या गोष्टी आहेत. नाशिकमध्ये रामनवमीच्या निमित्ताने छप्पनही गीते क्रमाने, तीन-चार संध्याकाळी गोदाघाटावर गायिली जावीत, आणि ती मूळ योजनेप्रमाणे निरनिराळ्या गायक-गायिकांनी गावीत. २०२७ च्या सिंहस्थासाठी शासन आणि महापालिका जो खर्च करणार आहेत त्यात या उपक्रमाचा खर्च दिसणारही नाही. व्याख्यानमालेसाठी भर उन्हाळ्यात घाटावर बसणाऱ्या या गावाला इतका वेळ बसणे जड जाणार नाही.

दुसरे असे की मूळ प्रसारणातील निरनिराळ्या गायकांचे जे जे ध्वनिमुद्रण आकाशवाणीच्या संग्रहात आहे ते श्रोत्यांना, अभ्यासकांना आणि संगीत शिकणाऱ्या मुलांना सहजासहजी मिळेल अशा रीतीने खुले व्हावे. कवीच्या शब्दांवरील हक्क कायद्यानुसार त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत आहे. त्याचा मान राखून हे करता येण्याजोगे आहे. जनतेच्या पैशाने निर्माण झालेली कलाकृती जनतेला मूळ रूपात ऐकता यावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गीतरामायण एका सरकारी केंद्राने, एका अधिकाऱ्याच्या सूचनेवरून, दोन कलावंतांवर वर्षभर विश्वास टाकून घडविले. अशी दीर्घ कृती बाजार सहसा घडवीत नाही, कारण बाजाराला पहिल्या आठवड्याचा हिशेब लागतो. तो विश्वास पुन्हा टाकण्याची उमेद आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांत आहे काय? असेल तर विषय शोधायला लांब जावे लागणार नाही. २ मार्च २०३० रोजी काळाराम सत्याग्रहास शंभर वर्षे पूर्ण होतील. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डक यांनी आपल्या गीतांतून आंबेडकरी चळवळीला गावोगाव आवाज दिला, तो याच जिल्ह्याचा वारसा आहे. त्या वारशातील एखाद्या कवीला आणि संगीतकाराला आज बोलावून, वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे, सत्याग्रहाची कथा गीतांतून सांगण्यास नाशिक केंद्राने सांगावे. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांनाही त्यांचे त्यांचे आवाज मिळतील, आणि १९५५ साली जे झाले ते केवळ आठवणीचे धन नव्हते, हेही सिद्ध होईल.

तोपर्यंत ज्याच्या घरी गीतरामायण आहे त्याने येत्या नवमीला एवढे तरी करावे. राज्याभिषेकापाशी यंत्र बंद न करता पुढची गीतेही शेवटपर्यंत ऐकावीत, आणि मग पहिले गीत पुन्हा लावावे.